बाळंतपण कुठल्या मुलखात?

लेकीला सातवा महिना लागला की आपल्या सीमाभागातल्या घरांत एकच विषय सुरू होतो. न्यायला कधी यायचं? मराठी घरात डोहाळजेवण असतं, कन्नड घरात कुबसा असतो, आणि ज्या घरात दोन्ही भाषा चुलीपाशी बसतात तिथे दोन्ही एकाच दिवशी उरकतात. हिरवी चोळी, ओटी, फोटो, आणि मग लेक माहेरच्या गाडीत बसते. पहिलं बाळंतपण माहेरचं, हा ठरलेला करार. जावयाने कितीही मोठं घर बांधलेलं असू दे.

माहेर हा शब्द मातृगृहावरून आला असं भाषेचे जाणकार सांगतात. कन्नडमध्ये तवरुमने. हैदराबादच्या माझ्या तेलुगू शेजारणी पुट्टिल्लु म्हणायच्या, म्हणजे सरळच 'जन्माचं घर'. बाळंतिणीच्या शब्दाची तर आणखी गंमत आहे. मराठीत ती बाळंतीण, कन्नडमध्ये बाणंती, तेलुगूत बालिंत. या तीन भाषांची माणसं आपसात सीमेवरून किती भांडली असतील, पण या बाईला हाक मारताना तिन्ही भाषांना जवळजवळ एकच शब्द सापडला.

माझ्या अज्जीचं माहेर उदगीरजवळचं आणि सासर भालकीचं. तिचं लग्न झालं तेव्हा दोन्ही गावं हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्यात होती. तिची तीनही बाळंतपणं माहेरी झाली, एकाच माजघरात, एकाच बाजेवर. माझे वडील १९५४ चे, काका १९५८ चे आणि आत्या १९६१ ची. म्हणजे वडील हैदराबाद राज्यात जन्मले, काका मुंबई राज्यात आणि आत्या महाराष्ट्रात. माजघर तेच, सुईणही तीच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि आमच्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड हा भाग आंध्र प्रदेशात गेला. भालकीसह उरलेला जिल्हा म्हैसूर राज्याला मिळाला, ज्याचं १९७३ मध्ये कर्नाटक झालं. अज्जी भालकीहून उदगीरला निघायची ती रेल्वेने. विकाराबाद-परळी लोहमार्गावर भालकी आहे, पुढे कमालनगर आणि मग उदगीर. तासाभराचा प्रवास. पहिल्या खेपेला ती एका जिल्ह्यातून त्याच जिल्ह्यात गेली. दुसऱ्या खेपेला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात. तिला विचारलं की ती म्हणायची, "मी कुठं गेले न्हाई बाई, सरकारच हिकडून तिकडं फिरत ऱ्हायलं."

कॉलेजात फेररचना शिकवताना मी नकाशा लावायच्या आधी ही अज्जीची तीन बाळंतपणं सांगते. पोरं नकाशा विसरतात, बाज विसरत नाहीत.

त्या पिढीला हैदराबाद परकं नव्हतं, हेही आज सांगावं लागतं. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला ती 'मोगलाई' होती, पण आमच्याकडच्यांना राजधानी होती. कोर्टकचेरी तिथे, मोठा दवाखाना तिथे, खिशातला रुपयाही तिथलाच, हाली शिक्क्याचा. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारखी मराठी माणसं तिथल्या सार्वजनिक जीवनात पुढे होती. विवेक वर्धिनी शाळा १९०७ ची. मराठी साहित्य संमेलनही १९३१ साली हैदराबादला भरलं होतं, अध्यक्ष होते ज्ञानकोशकार केतकर. काचीगुड्याला नृपतुंग ही कन्नड शाळाही आहे. सुलतान बाजार, इसामिया बाजार, बडी चावडी, काचीगुडा या पट्ट्यात मराठी आणि कन्नड कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली.

पण आपलं आणि परकं याचा हिशोब तिथेही होताच. निजामाच्या राज्यात नोकरीसाठी 'मुल्की' असावं लागे. १९१९ च्या मुल्की नियमांमध्ये एक अट होती, ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. बाहेरून आलेल्या माणसाला मुल्की व्हायचं असेल तर राज्यात पंधरा वर्षांचं कायम वास्तव्य हवं, आणि शिवाय आपल्या मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे असं प्रतिज्ञापत्र हवं. वास्तव्याची अट समजू शकते. पण परत जायचा विचार सोडला असं शपथेवर लिहून द्यायचं? पुरुषांनी दिलंही असेल, नोकरीसाठी माणूस काय लिहून देत नाही! घरातल्या बाईला मात्र सातव्या महिन्यात तो विचार पुन्हा आलाच असणार.

मला तो आला २००४ साली. लग्नानंतर मालकांच्या नोकरीमुळे आम्ही हैदराबादेत काचीगुड्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. अज्जीची राजधानी माझ्यासाठी परगावच होती. दुकानाच्या पाट्या तेलुगूत, बसचे नंबर सोडले तर काही वाचता यायचं नाही. दखनी हिंदीवर निभावायचं. मुक्काम तेवढा सातव्या महिन्यापर्यंत, मग भालकी, असं मनाशी पक्कं होतं. बॅग भरून ठेवली होती. आठव्याच्या तोंडावर रक्तदाब वाढला आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला सरळ मनाई केली. भालकी काही सातासमुद्रापार नव्हती, हैदराबादपासून दीड-पावणेदोनशे किलोमीटर. जहिराबादवरून बसने पाच-सहा तास. पण त्या दिवशी मी जी रडले, ती लंडनला अडकल्यासारखी रडले.

मग माहेरच हैदराबादला आलं. आई इमलीबन बसस्थानकावर उतरली तेव्हा तिच्याबरोबर चार बोचकी होती. डिंक, खारीक, खोबरं, आळीव, बाळंतशेप, ओवा, वेखंड, जायफळ, उगाळायची सहाण आणि जुन्या नऊवारींची मऊ दुपटी. एवढं सगळं बेगम बाजारात मिळतं हे तिला कुणी सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. आमच्याकडे डिंकाच्या लाडवाला अंटिन उंडी म्हणतात. ती उंडी भालकीच्या डिंकाचीच व्हायला हवी, हा तिचा हट्ट.

कळा सुरू झाल्या त्या रात्रीचं मला फार आठवत नाही, पण भाषा आठवतात. दवाखान्यातली नर्स तेलुगू होती. "मोदटि कान्पा?" म्हणून तिने विचारलं, म्हणजे पहिलं बाळंतपण का. शेजारच्या खाटेवरची बाई दखनीत देवाचा धावा करत होती. मी लहानपणापासून मराठी शाळेत शिकलेली, मराठीत एम. ए. केलेली, घरात नवऱ्याशी मराठी बोलणारी, पण कळ आली की तोंडातून निघायचं ते "अव्वा!" आमच्या घरात आईला आम्ही अव्वा म्हणतो. तेलुगूत मात्र अव्वा म्हणजे आजी. नर्स बिचारी माझ्या कपाळावरून हात फिरवत विचारायची, "अव्वा ऊळ्लो उंदा?" म्हणजे आजी गावी आहे का? आणि माझी अव्वा दाराबाहेर उभी! मग नर्स म्हणाली, "मुक्कु, अम्मा, मुक्कु." तेलुगूत मुक्कु म्हणजे नाक, आणि मुक्कु म्हणजे कळ देणं, जोर करणं. दुसरा अर्थ मला त्या खाटेवरच कळला. तेवढ्यात दार ढकलून आईने आत डोकावलं आणि कन्नडमध्ये दोनच शब्द बोलली. काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही, अगदी साधं होतं. पण अंगातली भीती उतरली. नर्सही काही रागावली नाही. तिने आईला आत घेतलं. त्या काळी सगळीकडे घेत नसत.

पहाटे मुलगी झाली.

त्यानंतरचे दीड महिने खरी परीक्षा होती. आईला शेगडी हवी होती. बाजेखाली शेक, आंघोळीनंतर बाळाला आणि मला धुरी, हे सगळं गॅसच्या शेगडीवर कसं व्हायचं? शेवटी खालच्या गल्लीतला इस्त्रीवाला कामाला आला. त्याच्या इस्त्रीतले निखारे आई रोज सकाळी लोखंडी घमेल्यात घेऊन यायची. त्याला ना कन्नड येई ना मराठी, आईला ना तेलुगू ना धड हिंदी. पण बाळाला धुरी द्यायची आहे हे त्याला पहिल्याच दिवशी समजलं आणि त्याने निखाऱ्याचे पैसे कधी घेतले नाहीत. पहिल्या दिवशी ओवा-वेखंडाचा धूर जिन्यात पसरला तेव्हा वरच्या मजल्यावरचे लोक पाण्याची बादली घेऊन धावत आले होते. घरमालकीणबाईंनी त्यांना समजावलं. या बाईंनीच रोज माझ्यासाठी लसणाचं वेल्लुल्लि कारम पाठवलं, गरम भात आणि तुपाबरोबर खायला. आईने ते आधी संशयाने हुंगलं. मग म्हणाली, "ही तर आपलीच चटणी की." पाचवी पुजली तेव्हा पाटा-वरवंटाही त्यांच्याच घरून आला.

आई मात्र हळूहळू उदास व्हायला लागली. मला वाटायचं दमली असेल. मग लक्षात आलं की दुपारी बाळ झोपलं की ती चपला घालून बाहेर जाते आणि अर्ध्या तासाने जरा उजळ चेहऱ्याने परत येते. एकदा मी विचारलं. ती नृपतुंग शाळा सुटायच्या वेळी तिकडच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची. पोरं ओरडत, भांडत बाहेर पडायची, त्यातली काही कन्नडमध्ये. तेवढं ऐकून ती परत यायची. गावाची आठवण येणं म्हणजे शेत, ओढा, देऊळ आठवणं असं आपण कथा-कवितांत वाचतो. आईला ओढा आठवत नव्हता. न विचारता समजणारं बोलणं तिला कानावर हवं होतं.

मुलीला कावीळ झाली होती, नवजात बाळांना होते तशी. ती बरीही झाली. पण तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "निलोफरला दाखवा." आपल्या भागातल्या लोकांना हे नाव नवीन नाही. बिदर, भालकी, उदगीरकडचं अवघड दुखणं असलेलं बाळ शेवटी हैदराबादच्या रेड हिल्सला, निलोफर दवाखान्यात जातं. ही निलोफर कोण, हे मात्र मला बाळंतपणाच्या त्या खोलीत पडल्या पडल्या पहिल्यांदा विचारावंसं वाटलं. पुढे वाचत गेले आणि थक्क झाले.

निलोफर १९१६ साली इस्तंबूलला जन्मली, उस्मानी राजघराण्यात. १९२४ च्या मार्चमध्ये तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली आणि या साऱ्या घराण्याला देशाबाहेर काढलं, नागरिकत्वासकट. निलोफर तेव्हा आठ वर्षांची. ही माणसं फ्रान्सच्या किनाऱ्यावर नीस शहरात येऊन राहिली. १९३१ च्या नोव्हेंबरात तिथेच दोन लग्नं झाली. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांची मुलगी दुर्रुशेहवार निजामाच्या थोरल्या मुलाला, आझम जाहला दिली, आणि निलोफर धाकट्या मोअज्जम जाहला. सतरा आणि पंधरा वर्षांच्या या दोघी मुली बोटीने हिंदुस्थानात आल्या, हैदराबादला नांदायला. घर जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाचं. पण भाषा, हवा, जेवण, सगळं परकं.

आता पाहा. दुर्रुशेहवारचं पहिलं मूल, मुकर्रम जाह, ६ ऑक्टोबर १९३३ ला जन्मलं. कुठे? हैदराबादच्या राजवाड्यात नव्हे, नीसला, तिच्या वडिलांच्या घरी! तिकडचे वैद्यकीय उपचार, राजकारण अशी कारणं इतिहासकार शोधतील, शोधू देत. मला त्यात आपल्याकडचीच रीत दिसते. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. नीस हा तिचा मायदेश नव्हता. मायदेशाचं दार तर बंद होतं; त्या घराण्यातल्या बायकांना तुर्कस्तानात परतायची मुभा थेट १९५२ मध्ये मिळाली. पण आईवडील जिथे होते तिथे ती गेली. माहेर देशात नसतं, आईपाशी असतं, हे माझ्या आईने बोचक्यांतून सिद्ध केलं होतं आणि दुर्रुशेहवारने बोटीच्या प्रवासातून.

निलोफरला मूल झालं नाही. तिच्याजवळ काम करणारी एक बाई १९४९ च्या सुमारास बाळंतपणात दगावली. राजवाड्याच्या सावलीत राहून उपचाराविना गेली. त्या दुःखातून बायका-मुलांसाठी दवाखाना काढायचं ठरलं आणि १९५३ मध्ये तो सुरू झाला. तोवर निलोफरचा काडीमोड झालेला होता. पुढचं आयुष्य तिने पॅरिसला काढलं आणि १९८९ मध्ये तिथेच ती गेली. मायदेश सुटलेली, ना मूल, ना सासर; आणि तिच्या नावाच्या दवाखान्यात आज आपल्या तिन्ही भाषांतली बाळं रडतात. नीसला जन्मलेला तो मुकर्रम जाह ऑस्ट्रेलियात, तुर्कस्तानात राहिला आणि जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूलला वारला, म्हणजे त्याच्या आईला बंद झालेल्या गावी. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला हैदराबादला आणून मक्का मशिदीत पुरलं.

या घराण्याकडून देशाचा कागदच काढून घेतला गेला होता. आपल्याकडे उलट आहे, कागद फार झालेत. जन्म जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते, हा १९६९ च्या कायद्याचा नियम. आईबाप कुठले, बाळ कुठे वाढणार, याच्याशी त्या नोंदीला देणंघेणं नाही. म्हणून माझ्या मुलीच्या दाखल्यावर आंध्र प्रदेश आहे. २ जून २०१४ नंतर तेच शहर तेलंगणात आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळा, परवाना, पासपोर्ट सगळ्यासाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार.

याचा परिणाम माहेरपणावर व्हायला लागला आहे, आणि याबद्दल आपल्या घरांत बोललं जातं, लिहिलं मात्र जात नाही. माझी भावजय निलंग्याची. तिला २०१९ साली दिवस गेले तेव्हा आमच्या भालकीच्या घरात बैठकच बसली. घटनेत ३७१ (जे) हे कलम आलं आहे. हैदराबाद कर्नाटक, ज्याला आता कल्याण कर्नाटक म्हणतात, त्या भागातल्या मुलांना शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा आहेत. 'पोरगं निलंग्यात जन्मलं तर महाराष्ट्राचं होईल, मग त्याला जागा कशी मिळायची?' असा थोरल्यांचा मुद्दा. मी कलम काढून दाखवलं. त्यात 'जन्माने किंवा अधिवासाने' असं स्पष्ट आहे. त्या 'किंवा'वर मी पाऊण तास बोलले. काका शांतपणे म्हणाले, "तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण टेबलामागचा माणूस 'किंवा' वाचेपर्यंत पोराची ॲडमिशन निघून जाईल." हे काका म्हणजे १९५८ चे, मुंबई राज्यात जन्मलेले. आयुष्यभर कर्नाटकात राहून जन्मगावाचा खुलासा त्यांनी किती टेबलांवर केला असेल, ते त्यांनाच ठाऊक.

शेवटी भावजय भालकीतच राहिली आणि तिची आई निलंग्याहून आली. बाळंतपण सुखरूप झालं. पण तिसऱ्या दिवशी भावजय मला हळूच म्हणाली, "ताई, सासरच्या घरात आई पाहुणीसारखी वागते हो. मला मोठ्यानं रडताही येईना." कुठल्याच कलमात याची सोय नाही. माझं मत विचाराल तर बाळंतिणीला जिथे मोठ्याने रडता येतं तिथेच तिला ठेवावं आणि कागदाचं मागाहून बघावं. पण मला शिकवायला कॉलेज आहे आणि मुलगी मोठी झाली आहे, तेव्हा हे म्हणणं मला सोपं आहे, हेही खरं.

आता पुन्हा हैदराबाद आलंय. चुलतभावाची लेक गच्चीबावलीला असते, नवरा-बायको दोघंही संगणकात. बावीस मजल्यांची इमारत. तिच्या मैत्रिणी डॅलस आणि टोरांटोला बाळंत होतात, आया सहा महिन्यांचा व्हिसा काढून जातात, आणि विमानतळावर डब्यात काय आहे ते समजावून सांगतात. त्या मानाने ही घरातच आहे म्हणायची. नववा सुरू आहे, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय, तिच्या आईचे गुडघे दुखतात. म्हणून माझी अव्वा जाणार आहे. वय सदुसष्ट. डिंक आणून झाला, आळीव निवडून झाले. काल तिने फोन करून विचारलं, त्या उंच बिल्डिंगीपाशी इस्त्रीवाला आहे का. आहे म्हटलं, पण तो गॅसची इस्त्री वापरतो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कोळसेवाला कुठे मिळतो का ते तिच्या नवऱ्याला बघून ठेवायला सांग. शनिवारच्या आत."